चावी नग एक

सोमवार, १८ एप्रिल २०१६. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. ही इंग्लंडमधील वेळ. लातुरात तेव्हा दुपारचे तीन पन्नास झाले होते. दोन्ही वेळा लिहितो, कारण त्या क्षणापासून मी एका ठिकाणी उभा होतो आणि दुसऱ्या ठिकाणी अडकलो होतो.

यंदा चैत्र सरतो न सरतो तोच टँकर पुन्हा गल्लीच्या तोंडाशी येऊ लागला आहे. भोंगा वाजतो. घागरी, बादल्या, रंगाचे रिकामे डबे दारांतून बाहेर पडतात. माणसे त्यांच्या मागून. मी खिडकीशी बसून ऐकतो. रांगेत उभे राहण्याचे वय गेले. भोंगा ऐकला की दुष्काळाचे ते वर्ष आठवते, पण आधी लातूर आठवत नाही. आधी आठवते ते एक दगडी चर्च, त्यातला ओल्या चुन्याचा आणि मेणाचा थंड वास, आणि स्वेटरखाली कमरेशी गेलेला माझाच हात.

ते गाव फार सुंदर होते. हे एकदाच लिहून टाकतो. भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीच्या रंगाचा दगड. त्याच दगडाची घरे, त्याच दगडाची कुंपणे, छपरांवरही त्याच दगडाच्या पातळ फरश्या. भिंतींवर चढवलेल्या वेली. रस्त्याच्या कडेने वाहणारा ओढा आणि त्यावर चार पावलांत ओलांडता येतील असे पूल. ओढ्याबद्दल अधिक लिहीत नाही. त्या वर्षीच्या लातुरातून गेलेल्या माणसाला वाहता ओढा पाहून काय वाटेल, हे कोणालाही सांगता येईल. मलाही तेच वाटले.

वेगळे वाटले ते घरांबद्दल. माझा मुलगा विवेक तिकडच्या एका मोठ्या शहरात अभियंता आहे. त्याने तीन दिवसांसाठी त्या गावात एक जुने घर भाड्याने घेतले होते. दार माझ्या कपाळाइतके उंच. आतल्या तुळया त्याहूनही खाली. शिरताना, जिना चढताना, न्हाणीत जाताना मान वाकवावी लागे. "बाबा, डोकं सांभाळा," असे तो उठल्यापासून झोपेपर्यंत म्हणत असे. खिडक्यांची तावदाने तळहाताएवढी. एक उघडायला गेलो तर उघडेना. रंगाच्या थरांखाली ती कायमची मिटली होती.

"या गावात कुणाला स्वतःची खिडकीसुद्धा बदलता येत नाही," विवेक म्हणाला. "शेकडो वर्षांपूर्वी होतं तसंच ठेवायचं. परवानगी लागते."

त्याला याचे कौतुक होते. मी जन्मभर सरकारी माणूस. परवानगीचे कौतुक मलाही असायला हवे होते. पण रस्त्यावर शेणाचा पो नव्हता, भांडण नव्हते, वाळत घातलेले धोतर नव्हते. मला ते गाव वाटले नाही. पंचनामा करून, लाख लावून, सील केलेला मुद्देमाल वाटला. तारीख पडेपर्यंत जसेच्या तसे ठेवावे असा हुकूम झाला आणि तारीख कधी पडलीच नाही.

मुलाचाही असाच हुकूम होता. गाडीत बसलो की तो वाकून पट्टा लावी. बाहेर निघालो की गळ्याभोवती मफलर. एकटे जाऊ नका, ओल्या दगडावर पाय देऊ नका, थकलात तर सांगा. मायेने केलेल्या बंदोबस्ताविरुद्ध अर्ज कोठे करायचा? त्याची आई जाऊन दोन वर्षे झाली होती. मार्चात त्याचा फोन आला, "बाबा, लातूरला रेल्वेनं पाणी आणायचं चाललंय म्हणे. तुम्ही तिथं एकटे कशाला राहता?" मी म्हटले, "गल्लीचे पाणी माझ्याकडे आहे." तो म्हणाला, "गल्ली बघेल ना आपलं." आठवड्याने तिकीट आले. जाण्याचे एप्रिलचे, परतीचे जुलैचे. मधले तीन महिने त्याने मला न विचारता ठरवून टाकले होते. प्रेमाने ठरवले होते, म्हणून मोडता येईना.

गल्लीचे पाणी माझ्याकडे होते, म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे.

१९८२ साली लातूर जिल्हा नवा झाला. मी तोवर नांदेडला नाझर होतो. कचेरीतल्या टेबलापासून झाडूपर्यंत प्रत्येक वस्तू ज्याच्या अंगावर असते तो नाझर. आणि वस्तू अंगावर म्हणजे तिची चावीही अंगावर. नव्या जिल्ह्यात बदली झाली तेव्हा तिथे पुरेशी कपाटे नव्हती, खुर्च्या नव्हत्या. मी पहिली खरेदी केली ती कुलपांची. वरिष्ठ हसले. पुढे कपाटे आली, तेव्हा कुलपे तयार होती; मग कोणी हसले नाही. चावी खिशात ठेवणारा ती एक दिवस हरवतो, हे मी पाहिले होते. म्हणून मी चाव्या करदोड्याला बांधत आलो. करदोडा कमरेवर जन्मभर असतो. अंघोळीला उतरत नाही, झोपेत सुटत नाही.

नव्या जिल्ह्याबरोबर बदलून आलेल्या आम्ही काही कर्मचाऱ्यांनी शहराबाहेर प्लॉट घेतले. तीच आमची गल्ली. माझ्या उजवीकडे मन्मथआप्पा. ते बारनिशीत होते, म्हणजे येणारी-जाणारी टपाले नोंदवून घेणे हे त्यांचे काम. सज्जन, भाविक, लिंगपूजेवाचून पाण्याचा घोट न घेणारा माणूस. समोर कांबळेबाई, सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका. त्यांचे यजमान पक्षाघाताने अडीच वर्षे अंथरुणावर होते. बाई त्यांना सकाळ-संध्याकाळ कुशीवर वळवून पाठ धुवून काढीत. "पडून राहिलेल्या माणसाला आजार न्हाई मारत, पाठीचे फोड मारतेत," असे त्यांनी मला एकदा सांगितले होते. अडीच वर्षांत त्यांनी एक फोड येऊ दिला नव्हता.

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हते. गल्लीतले सारे बोअर एकामागून एक आटले. माझा तेवढा राहिला, तोही सकाळचा अर्धा तास. मोटार कोरडी चालली तर जळेल, म्हणून मी तिच्या खोलीला कुलूप घातले. सहाला उघडणे, साडेसहाला बंद. घरटी सहा घागरी, कांबळेबाईंना आठ. घागरींचा क्रम वहीत लिहिलेला. कोणी कुरकूर केली नाही. शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत आवाजही चढला नाही. याचा मला अभिमान होता. तो लपवीत नाही.

चौदा एप्रिलला मी निघालो. बाहेर जयंतीच्या मिरवणुकीची हलगी वाजत होती. कांबळेबाई निळ्या काठाचे पांढरे लुगडे नेसून बुंदी देऊन गेल्या. मग मी मन्मथआप्पांना बोलावून रीतसर चार्ज दिला. कार्बन घालून दोन प्रती केल्या. बाब क्रमांक एक, चावी नग एक. बाब क्रमांक दोन, घागरींच्या क्रमाची वही. बाब क्रमांक तीन, मोटारीच्या मिस्त्रीचा फोन नंबर. चार्ज देणार, चार्ज घेणार. मी सही केली, त्यांनी केली. वही दिली, नंबर दिला. तेवढ्यात रिक्षा दारात आली.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या चौकटीतून जाताना घंटी वाजली. शिपायाने कमरेशी चाचपून विचारले, "काका, हे काय?" मी म्हटले, "करदोडा. घराच्या चाव्या आहेत." तो मराठी होता. हसून म्हणाला, "जा." मी खोटे बोललो नव्हतो. मला तेच ठाऊक होते.

आता त्या चर्चकडे येतो.

सोमवारी सकाळी विवेकच्या कचेरीतून काही निरोप यायचा होता. त्या गावात मोबाइलला रेंज नव्हती. मिळते ती टेकडीवर, गाडीने दहा मिनिटे. "तुम्ही इथंच बसा बाबा, आलोच," असे म्हणून त्याने मला चर्चच्या ओसरीत बसवले. मी आत गेलो. साठीच्या पुढची एक बाई पितळी मेणबत्त्या पुसत होती. चर्चची व्यवस्था पाहणाऱ्यांपैकी ती एक. नाव जोन सांगितले. मी मनात जोनबाई केले. इंग्रजी मला कचेरीपुरते येते. त्यांनी सावकाश बोलायची तसदी घेतली.

भिंतीशी एक पेटी होती. एका अखंड ओंडक्यातून कोरलेली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. तिला तीन कुलपे. जोनबाई म्हणाल्या, गावाची कागदपत्रे आणि चर्चचे चांदीचे पेले यात असत. एक चावी पाद्र्याकडे, उरलेल्या दोन गावच्या दोन कारभाऱ्यांकडे. तिघे एकत्र आल्याशिवाय झाकण उघडत नसे.

परमुलखात आल्यापासून प्रथमच मला काही समजल्यासारखे वाटले. मी म्हटले, आमच्याकडेही खजिन्याला दुहेरी कुलूप असते. दोन अधिकारी, दोन चाव्या. मी नाझर होतो, चाव्यांचा माणूस. त्यांनी कुतूहलाने विचारले, चाव्या कोठे ठेवीत होता? मी स्वेटर थोडे वर करून करदोड्याचा तो भाग बाहेर काढला. त्यांना एक एक चावी दाखवू लागलो. ही घराची. ही कपाटाची.

आणि ही.

दोनच असायला हव्या होत्या. जोनबाई पेटीकडे बोट करून हसल्या. म्हणाल्या, तीन, अगदी आमच्यासारख्याच.

अकरा वीस.

मी त्या बाकावर बसलो. शुक्रवार, शनिवार, रविवार, आज. चार सकाळी. अठरा घरे. कांबळेबाईंच्या आठ घागरी. कागद सांगत होता की चावी दिली. कागदावर माझी सही होती.

बहात्तरच्या दुष्काळात मी नोकरीत नवा होतो. मुदखेडच्या बाजूला एका तलावाचे काम चालू होते. मजुरांना सुकडी, म्हणजे भाजलेले गोड पीठ, मिळे; तिच्या कोठीवर मला पाठवले. आधीचा कारकून चावी माझ्या हातात देऊन, चार्ज यादीवर सही न करताच गावी निघून गेला. सकाळपासून बाया कोठीपुढे बसल्या होत्या. मी कोठी उघडली नाही. माल मोजून घेतल्याची सही नाही, तर माल माझा नाही. माझा नाही तो मी वाटू कसा? तो कारकून संध्याकाळी सापडला, सही झाली, मग मी कुलूप काढले. वरिष्ठांनी शाबासकी दिली. रांगेतली एक म्हातारी पदरात सुकडी घेताना म्हणाली, "बाबा, तुज्या कुलपाला भूक लागत न्हाई. आमाला लागती."

नियमात उत्तर होते. देण्याची गरज वाटली नाही. तेव्हा हातात चावी होती आणि कागद नव्हता. आता कागद होता आणि तिकडे चावी नव्हती. दोन्ही वेळा बरोबर होतो तो मी, आणि बसून राहिली ती माणसे.

जोनबाईंना मी एवढेच म्हणू शकलो: "टेलिफोन." त्यांनी बाहेर लाल टपरी दाखवली. तिच्यात टेलिफोन नव्हता, कथाकादंबऱ्यांची फडताळे होती. गावकरी पुस्तके ठेवतात आणि नेतात. टपरी मात्र हलवता येत नाही, जुनी आहे. माझा चेहरा पाहून जोनबाईंनी मेणबत्त्यांचे फडके तिथेच टाकले आणि मला आपल्या घरी नेले. त्यांच्याही दारात वाकावे लागले. डोके आपटले ते तिथे.

फोन भिंतीवरचा, दोर आखूड. बसता येईना. नंबरांची वही खिशात होती. ती मी कधी विसरत नाही.

"कोण? साहेब!" मन्मथआप्पांचा आवाज मोठा झाला. "पोचले का सुखरूप? थंडी लई हाय म्हणं तिकडं."

"ठीक आहे. आप्पा, गल्लीत पाणी?"

"हाय की. चाललंय."

"मोटार लावता?"

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, तुमच्यापासून काय लपवू. चावी हरवली माझ्या हातनं. चार दिसांपासून शोधून राहिलो. देव्हाऱ्यात ठेवली होती, लिंगाच्या डबीजवळ. चांगलं ध्यानात हाय माझ्या. गाद्या उसवल्या. पिठाचे डबे पालथे घातले. सूनबाईला नको नको ते बोललो, तिनंच आवरताना टाकली म्हणून. ती कालपासून जेवली न्हाई. तुम्हाला फोन कोणत्या तोंडानं करू?"

"आप्पा, चावी माझ्याजवळ आहे."

"न्हाई साहेब."

"माझ्या हातात आहे. पाहतो आहे मी तिच्याकडे."

"कसं शक्य हाय? मी सही केल्याली हाय!"

बारनिशीत तीस वर्षे त्यांनी आधी सही केली आणि मग टपाल घेतले. सही झाली म्हणजे वस्तू आली. डोळ्यांनी न पाहिलेली चावी त्यांच्या सहीने देव्हाऱ्यात नेऊन ठेवली होती, आणि तिच्यापायी त्यांनी घर उसवले होते. त्याच वेळी माझ्याकडे मागितली असती तर? पण मी दिली असे मी लिहून दिले होते. माझे लिहिणे खोटे असू शकते, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. तो त्यांच्या मनाला शिवू नये, अशीच मी सर्वांशी जन्मभर वागणूक ठेवली होती.

"मग देव्हाऱ्यात मी काय ठेवलं होतं, साहेब?"

"आप्पा, कुलूप तोडा."

"तुमचं कुलूप? मी?"

"मी परवानगी देतो."

"तोंडी?"

ते विनोद करीत नव्हते. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. "गल्लीला मी सांगून बसलो, मोटार जळाली, मिस्त्री येणार हाय. आता कुलूप फोडलं अन् मोटार भुर्रकन चालली, तर मी तोंड कुठं दाखवू? म्हातारपणी खोटारडा ठरंन."

तेवढ्यात दुसरा आवाज आला. "मिस्त्री आला का, आप्पा? का त्योबी जळाला?" कांबळेबाई त्यांच्या अंगणात येऊन उभ्या होत्या. मी म्हटले, "त्यांना फोन द्या." आप्पा नको नको म्हणत होते. बाईंनी घेतला.

"नमस्कार नाझरसाहेब. तिकडं पाणी हाय का?"

"आहे."

"प्या मग."

"बाई, यजमान कसे आहेत?"

"ओल्या फडक्यानं पुसून राहिले चार दिस. काल पाठीला लाल झालं, आज फोड हाय. रुपयाएवढा. मी नर्स हाय साहेब, त्याचं पुढं काय होतं ते मला विचारू नका."

जोनबाईंनी माझ्या शेजारी चहाचा पेला ठेवला होता. त्यांची खिडकी ओढ्यावर होती. त्या पाण्यात बदके होती. दोर दोन वीत. मागे सरकलो तर भिंत, पुढे झालो तर तुळई. मी गप्प राहिलो असतो तर मोटार जळाल्याचे खरे धरले गेले असते. आप्पांनी उद्या-परवा मिस्त्री आणून गुपचूप कुलूप काढवले असते. दोघांचीही अब्रू राहिली असती. त्यासाठी लागले असते दोन दिवस. ते दिवस कांबळ्यांच्या पाठीतून जाणार होते.

"बाई, मोटार जळालेली नाही. आप्पांना चावी मी दिलीच नव्हती. ती मी बरोबर घेऊन आलो आहे."

"इंग्लंडला?"

"हो."

बाई म्हणाल्या, "बोअर न्हाई नेला सोबत, हे आमचं नशीब." आणि फोन तसाच हातात धरून ओरडल्या, "आप्पा, वरवंटा आणा!"

"वरवंटा फुटंल बाई," मागून आप्पा म्हणाले. "थांबा. पहार हाय माझ्याकडं."

पुढचे मी ऐकले. चपलांचा आवाज, फाटक, कोणी तरी "काय झालं? काय झालं?" विचारणारे. लोखंडावर लोखंड. पहिला घाव निसटता. दुसऱ्याला आप्पांनी "शिव शिव" म्हटले. त्यावरून कळले की पहार त्यांच्याच हातात होती. तिसऱ्याला कडीसकट तुटले असावे. ते कुलूप चांगले होते. मीच निवडून घेतले होते.

मग मोटार. तिचा आवाज आधी पोकळ असतो, पाणी वर चढले की जड होतो. तो जड होईपर्यंत मी फोन कानाला दाबून उभा राहिलो. दुपारची वेळ होती, पाणी किती येईल याचा भरवसा नव्हता. जड झाला. घागरींचे पितळ वाजू लागले. प्रथमच त्या गल्लीत आरडाओरडा ऐकला. कोणाचा कितवा क्रम, कोणालाच ठाऊक नव्हते.

"साहेब," बाई पुन्हा फोनवर आल्या. त्यांना धाप लागली होती. "पहिल्या आठ घागरी माझ्या दारात नेल्या पोरांनी. आता नवं कुलूप लावायचं का?"

"आप्पांना विचारा."

"आप्पा म्हणतेत, साहेबांना विचारा."

मी म्हटले, "लावू नका."

"लिहून देता?"

त्या टोमणा मारीत होत्या. मी म्हटले, "देतो."

फोन ठेवला. चूक झाली, हे दोन शब्द मात्र माझ्या तोंडातून आले नव्हते. मी केवळ वस्तुस्थिती सांगितली होती.

त्या गावातला उरलेला दिवस मी पाहिला नाही, म्हणजे पाहण्यासारखे सर्व समोरून गेले. विवेक घाबराघुबरा होऊन मला शोधत होता. "बाबा, मी सगळं गाव पालथं घातलं! सांगून तरी जायचं." मी म्हटले, "सांगायला तू नव्हतास." दुपारभर तो रागाने बोलला नाही. संध्याकाळी म्हणाला, "तुम्हाला इथं अडकल्यासारखं वाटतं का?" मी म्हटले, "तुझा दोष नाही." ते खरे होते. त्याच्या घराची दारे उघडीच होती. मी जिथे जाईन तिथे मान वाकवायला लावणारी तुळई मीच बरोबर नेत होतो, हे त्याला कसे सांगणार?

जुलैपर्यंत मी तिकडेच राहिलो. मोटारीच्या खोलीला कुलूप नव्हते. त्या अडीच महिन्यांत मोटार एकदाही कोरडी चालली नाही. का चालली नाही, याचे मी पुष्कळ दिवस कारण शोधले. घागरींची वही कोणी उघडलीसुद्धा नव्हती, एवढेच कळले. कोणाला कधी, किती, हे ती माणसे दारातून ओरडून ठरवीत. जूनमध्ये दोन भांडणेही झाली म्हणे. कांबळ्यांचा फोड भरायला महिना लागला. पण भरला. ते त्याच वर्षी श्रावणात गेले, मी परत आल्यानंतर. त्यांना शेवटची अंघोळ घालताना आम्ही चौघांनी त्यांना उचलले. पाठ स्वच्छ होती. बाईंनी मला ती दाखवली.

आज टँकर गेल्यावर गल्ली शांत झाली आहे. आप्पा दारात बसून जप करीत आहेत. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघे कधी बोललो नाही. जे बोलायचे ते मी त्या संध्याकाळीच लिहून टाकले होते.

भाड्याच्या घरातल्या बुटक्या टेबलावर चार्ज यादीची माझी कार्बन प्रत पसरली. बाब क्रमांक एकवर आडवी रेघ मारली, समासात "दिली नाही" लिहिले, खाली सही, तारीख. मग वेगळ्या कागदावर पत्र. "दि. १४-४-२०१६ च्या यादीतील चावी नग एक ही श्री. मन्मथआप्पा यांस प्रत्यक्ष दिलेली नव्हती. ती लिहून देणाराकडेच राहिली. त्यांच्या सहीचा दोष नाही. चूक लिहून देणाराची आहे. मोटारीच्या खोलीस यापुढे कुलूप लावू नये." इथे पत्र पुरे होत होते. पेन झाकणात घातले, पुन्हा काढले, आणि कोणत्याही नमुन्यात न बसणारे एक वाक्य खाली घातले: "सूनबाईंना हे वाचून दाखवावे."

"बाबा, फोनवर सांगितलं ना सगळं? मग पत्र कशाला?" विवेकने विचारले.

"फोनवर सांगितले ते हवेत गेले. कागदावर त्यांची सही आहे."

टपालाची तिकिटे जोनबाईंनी दिली होती. भारताला किती लागतात हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून लिफाफ्यावर मावतील तेवढी लावली. अजून उजेड होता. चर्चच्या कोपऱ्यावर भिंतीतच बसवलेली टपालपेटी होती. पत्र आत टाकले. फटीत दोन बोटे घालून ते कडेला अडकले नाही ना, हे चाचपून पाहिले, आणि परत फिरलो.